खेकडा तिरका चालतो

चार वर्षांच्या मुलाला सांगून पाहावं: पाय थोडे फाकव, गुडघे वाकव, दोन्ही तळहात जमिनीला टेकव, चवड्यांवर जोर दे, दोन्ही पाय एकदम उचलून पुढे झेप घे आणि खाली येताना गुडघे पुन्हा वाकव. पहिल्या सूचनेलाच मूल आपल्या पायांकडे बघत उभं राहतं. हात टेकायला जातं तर गुडघे सरळ होतात, गुडघे वाकवायला जातं तर हात वर येतात. झेपेची पाळी येईपर्यंत त्याचं लक्ष दारातल्या कुत्र्याकडे गेलेलं असतं. त्याच मुलाला नुसतं 'बेडूक हो' म्हणावं. उकिडवं बसणं, हात टेकणं, झेप घेणं, उतरणं सगळं एका दमात येतं, आणि 'डराव डराव' न सांगता येतं.

बालवाडीत प्राण्यांच्या चालींचे खेळ सगळीकडेच असतात. पण बहुतेक ठिकाणी ते मधल्या वेळचे. गाणी झाली, अक्षरओळख झाली, मुलं चुळबुळ करू लागली की 'चला, आता ससा होऊया'. पालकांच्या लेखी त्यांची किंमत याहूनही कमी. मूल घरी आल्यावर 'आज काय शिकवलं?' या प्रश्नाला 'मी अस्वल झालो' हे उत्तर कुणाला पुरेसं वाटत नाही. हा लेख त्या उत्तराची बाजू घेण्यासाठी आहे. अस्वल होणं हा त्या दिवसाचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा धडा असू शकतो.

दोन शब्दांच्या सूचनेत एवढी ताकद कुठून येते, याचा अभ्यास मोठ्या माणसांवर झालेला आहे. २००१ साली लियाव आणि मास्टर्स या संशोधकांनी नवशिक्यांना टेबल टेनिसमध्ये चेंडूला वरची फिरकी द्यायला शिकवलं. एका गटाला तंत्राचे नियम एकेक करून सांगितले. दुसऱ्या गटाला म्हटलं, डोळ्यांसमोर काटकोन त्रिकोण आणा आणि बॅट त्याच्या कर्णावरून वर न्या. शिकले दोघेही. मात्र खेळता खेळता डोक्याला दुसरं काम दिलं, तेव्हा नियम शिकलेल्यांचा खेळ ढासळला आणि त्रिकोण मनात धरलेल्यांचा टिकला. त्याआधी १९९८ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कीइंगसारखे झोके देणाऱ्या यंत्रावर लोकांना उभं केलं. स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष देणारे ती हालचाल चांगली शिकले. शरीराला अवयवांची यादी दिली की ते अडखळतं. त्याच्यापुढे एक अखंड चित्र ठेवलं की अवयव आपापलं काम शोधून काढतात. चार वर्षांच्या मुलापुढे काटकोन त्रिकोण ठेवून उपयोग नाही, पण त्याच्यापाशी बेडूक आहे, मांजर आहे, बगळा आहे. ही चित्रं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी गोळा केलेली असतात.

आणि शिकायचं असतं भरपूर. चालायला लागणारं मूल किती मेहनत करतं याची मोजणी न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. ही पावलं सरळ रेषेत नसतात. मूल थांबतं, वळतं, वाकतं, मागे येतं. ही विविधता हेच त्याचं शिक्षण. आपल्याकडेही या विषयात मोठं काम झालं आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीची मोजपट्टी तयार केली. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या त्या पट्टीत हालचालींच्या ६७ पायऱ्या आहेत. मान धरण्यापासून पुढे एकेक करत त्या वर जातात.

चालता येऊ लागलं की आईवडिलांना वाटतं, झालं. खरं तर मोठ्या स्नायूंचं काम तिथून पुढे सुरू होतं. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलून उडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. जिन्यावर एका पायरीला एकच पाऊल टाकत चढणं तिसऱ्या वर्षी आणि तसंच उतरणं चौथ्या वर्षी. एका पायावर उड्या, म्हणजे लंगडीची सुरुवात, चौथ्या वर्षाच्या आसपास. एक पाऊल नेहमी पुढे ठेवून केलेली घोडदौड आधी येते. पाय आलटूनपालटून उसळत जाणं पाचव्या वर्षाकडे, आणि ते पुष्कळ मुलांना जड जातं. यातलं थोडं वयानं येतं, पण बरंचसं सरावानं, जागेनं आणि कुणीतरी करून दाखवल्यानं येतं. ज्याला धावता, उडी मारता, झेलता नीट येत नाही ते मूल मैदानावर मागे राहतं. मागे राहिलं की कमी खेळतं, आणि कमी खेळलं की आणखी मागे राहतं. २००८ साली डेव्हिड स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्र मांडलं. कुठल्याही शाळेच्या मैदानाच्या कडेला उभं राहिलं तर ते दिसतं.

आता चाली बघू. सगळ्या सारख्या नसतात, आणि मूल कुठल्या चालीत कुठे अडतं हे बघण्यासारखं असतं.

अस्वल. तळहात आणि तळपाय जमिनीवर, गुडघे वर, पार्श्वभाग उंच. खरं अस्वलही आपल्यासारखंच पूर्ण तळपाय टेकून चालतं, त्यामुळे ही नक्कल खोटी नाही. शरीराचा बराचसा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो. आजच्या मुलांच्या दिवसात असा भार दुसरीकडे कुठे येतो? आंब्यावर चढणं कमी झालं, सूरपारंब्या खेळायला वड उरले नाहीत, विहिरीवर पोहरा ओढायचा नाही, दळणाचा डबा उचलायचा नाही. हातांना पकडण्याचं काम मिळतं, पेलण्याचं मिळत नाही. अस्वल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं की बहुतेक मुलं धापा टाकतात. निम्म्या वाटेत काहींचे गुडघे खाली येतात. येऊ द्यावेत. ते अस्वलाचं पिल्लू.

खेकडा. बसायचं, हात मागे टेकायचे, पार्श्वभाग उचलायचा आणि बाजूला सरकत जायचं. पोट आभाळाकडे असतं, त्यामुळे कुठे चाललो हे डोळ्यांना नीट दिसत नाही, ते अंगालाच कळावं लागतं. सांधे आणि स्नायू आतून मेंदूला सतत खबर देत असतात, की हात कुठे आहे, कोपर किती वाकलंय. ही आतली जाणीव खेकडा होताना पणाला लागते. तीन वर्षांच्या मुलाला हे जमत नाही आणि जमायला हवं असंही नाही. पाच वर्षांच्याला जमतं, आणि जमल्यावर त्याला भलताच आनंद होतो.

बगळा सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात फसवा असतो. एका पायावर उभं राहायचं, मासा दिसेपर्यंत. तीन वर्षांचं मूल क्षणभर टिकतं, चार वर्षांचं काही सेकंद. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि घोटा या तिघांचा मेळ जमला तरच तोल राहतो. डोळे मिटून बगळा व्हायला सांगितलं तर मोठी माणसंही डगमगतात. यातलं 'मासा दिसेपर्यंत' फार महत्त्वाचं. सेकंद मोजत उभं केलं तर ती कवायत होते. माशाची वाट पाहत मूल त्याहून जास्त वेळ उभं राहतं.

सापाचं सरपटणं, हत्तीची सोंड करून वाकून डुलत जाणं, मांजराचं चवड्यांवरून आवाज न करता चालणं, सुरवंटाचं आधी हात पुढे आणि मग पाय जवळ आणणं, यांचा प्रत्येकाचा वेगळा उपयोग आहे. पण जोरकस चालींच्या मध्ये मांजर घालणं मला फार शहाणपणाचं वाटतं. धावणाऱ्या मुलाला 'थांब' म्हटलं तर ते ऐकत नाही. 'उंदीर झोपलाय, मांजरीनं हळू जायचं' म्हटलं की सगळी खोली शांत होते. अंगावर ताबा मिळवण्याचा हाही एक सराव आहे.

माणूस प्राण्यांकडून चाली शिकत आला आहे. घेरंडसंहितेत सांगितलेल्या ३२ आसनांत भुजंग, मकर, मत्स्य, मंडूक, कूर्म, मयूर, कुक्कुट, उष्ट्र, शलभ, गरुड, सिंह हे सगळे आहेत. जितक्या जीवयोनी तितकी आसनं, म्हणजे चौऱ्याऐंशी लाख, असं त्या ग्रंथाचं म्हणणं. चीनमध्ये हुआ तुओ या प्राचीन वैद्याच्या नावानं पाच प्राण्यांचे व्यायाम सांगितले जातात: वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी. गोव्यात शिगम्याला डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी निघते. कमरेला घोडा बांधलेला माणूस ढोलाच्या तालावर घोड्याची चाल चालतो, आणि त्याच्यामागून गावातली पोरं तशीच उसळत जातात. आपल्या तालमीत बेडूकउड्या आहेत, अंगणात घार आणि कोंबडीची पिल्लं आहेत, लांडगा आणि मेंढ्या आहेत. एकमेकांच्या कमरेला धरून उभी राहिलेली ती रांग लांडग्याला चुकवत वळते, तेव्हा शेवटच्या मुलाला धाव, वळण, थांबणं आणि पकड हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. शिक्षणतज्ज्ञांनी बसून आखला असता तरी यापेक्षा चांगला खेळ निघाला नसता.

या परंपरेतली एक गोष्ट मात्र बोचते. मंगळागौरीत 'कोंबडा' हा खेळ आहे. उकिडवं बसून तालावर उड्या मारत जायचं. मांड्या, पोटऱ्या आणि तोल यांची कसोटी पाहणारा, हसत हसत दमवणारा खेळ. त्याच पक्ष्याच्या नावाची दुसरी गोष्ट आपल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाहिली: पायांखालून हात घालून कान धरायचे आणि वर्गासमोर कोंबडा व्हायचं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातल्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. तरी बैठका, उठाबशा, मैदानाला फेऱ्या यांच्या रूपानं ती वृत्ती अजून सापडते. शिक्षा म्हणून दिलेली हालचाल मुलाला शरीराचीच लाज शिकवते. ज्या शिक्षकानं सकाळी मुलांना आनंदानं बेडूक केलं, त्यानं दुपारी बडबड केल्याबद्दल बेडूकउड्या मारायला लावल्या, तर त्या दिवसापासून त्या वर्गातला बेडूक मेला असं समजावं. याबाबत मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

प्राणी निवडताना एक पथ्य पाळायला हवं, आणि ते आपल्याकडे फार थोडे पाळतात. छापील पुस्तकांतून आणि पडद्यावरून कांगारू, पेंग्विन, गोरिला येतात. मुलं त्यांची नक्कल करतात, पण ती चित्राची नक्कल असते. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मुलानं खेकडा पाहिलेला असतो, त्याच्यामागे धावलेलं असतं, त्याचा चावा चुकवलेला असतो. त्याचा खेकडा वेगळा असतो. मेंढपाळाच्या मुलाची मेंढी वेगळी, आणि पावसाळ्यात खाचरात उतरणाऱ्या मुलाचा बगळा वेगळा. पुण्या-मुंबईच्या मुलाकडेही पाल आहे, कबुतर आहे, मांजर आहे, गच्चीवरचा कावळा आहे. पालीसारखं भिंतीला चिकटून सरकणं ही उत्तम चाल आहे, कुठल्याही पुस्तकात नसली तरी. आधी बघायचं, मग व्हायचं. बाहेर नेऊन पाच मिनिटं मुंग्यांची रांग पाहिली आणि आत येऊन तशी रांग केली, की निरीक्षण आणि हालचाल एकाच धाग्यात येतात.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीची तत्त्वं त्यांनी घेतली, पण महागडी साधनं गरीब मुलांसाठी कशी परवडणार, हा प्रश्न ताराबाईंना सतावत राहिला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभं राहिलं. सोबत अनुताई वाघ होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेल्या. मुलं गुरांमागे कुरणात असतात म्हणून कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, पानं, माती ही त्यांची साधनं झाली. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की परिसरातली बी जर साधन होऊ शकते तर परिसरातला बेडूकही होऊ शकतो, आणि तो बनवायला तर हातांपायांखेरीज काही लागत नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढ्या ठिकाणी रोज वीस मिनिटं मुलं अंग झाडून खेळली, तर तो केवढा मोठा कार्यक्रम होईल!

किती वेळ खेळावं याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. पडद्यासमोर एका तासापेक्षा जास्त बसू नये, कमी तितकं बरं. वर्षाच्या आतल्या बाळाला पडद्याची गरजच नाही. त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवावं. आणि एका वेळी तासाभराहून अधिक काळ मुलाला गाडीत, खुर्चीत किंवा पाठीवर बांधून ठेवू नये. शहरातल्या नर्सरीत जाणाऱ्या मुलाचा दिवस या कसोटीवर मांडून पाहिला की बेचैन व्हायला होतं. व्हॅन, बाक, व्हॅन, सोफा. तेवढ्यात लेखनाचा गृहपाठ. पेन्सिल धरणारी बोटं मनगटावर टेकलेली असतात, मनगट खांद्यावर आणि खांदा पाठीच्या कण्यावर. जे मूल पाठ धरून बसू शकत नाही त्याच्याकडून ओळीत अक्षर मागणं क्रूर आहे.

मात्र या खेळांच्या नावानं जी भलती आश्वासनं विकली जातात त्यांपासून सावध राहावं. रांगल्यामुळे मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात, न रांगलेल्या मुलाला वाचन जमत नाही, अमुक चाल केली की गणित सुधारतं, असं सांगणाऱ्या शिबिरांना आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात भारताचं केंद्र दिल्ली होतं. त्या मुलांपैकी ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. आधाराशिवाय चालण्याचा टप्पा ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. शेजारणीची नात दहाव्या महिन्यात चालली म्हणून घरात चिंता पसरवायचं कारण नाही. बेडूकउडीनं पाय बळकट होतात, तोल येतो, उडी आणि उतरणं येतं, आणि मूल आनंदी होतं. एवढं पुरे आहे.

चिंता कधी करावी, तर दीड वर्ष उलटलं तरी मूल आधाराशिवाय चालत नसेल, एक बाजू सतत कमी वापरत असेल, येत असलेली हालचाल गमावत असेल, तर. त्या वेळी खेळावर विसंबून राहू नये, बालरोगतज्ज्ञ गाठावा. सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणी करतात, आणि वाढीतला उशीर हा त्या तपासणीचाच भाग आहे. पथक येणार असेल त्या दिवशी मूल हजर ठेवावं. आणि प्राण्यांच्या खेळाचा एक लाभ अंगणवाडीच्या ताईलाच होतो: कोणतं मूल दर वेळी एकाच हातावर भार टाकतं, कोण उतरताना नेहमी कोसळतं, हे तिला खेळात दिसतं, हजेरीपटात दिसत नाही.

ज्या मुलाचे पाय साथ देत नाहीत त्याला बाजूला बसवून टाळ्या वाजवायला लावू नये. तो दिवस सापाचा आणि मगरीचा करावा. सरपटण्यात हातांचं राज्य असतं, आणि अशा मुलाचे हात बहुधा वर्गात सगळ्यात बळकट असतात. खुर्चीवर बसणाऱ्या मुलाची सोंड इतरांच्या सोंडेइतकीच लांब असते. लाजणाऱ्या मुलाला पहिले काही दिवस झोपलेलं मांजर होऊ द्यावं. ते डोळे किलकिले करून सगळं बघत असतं, आणि एक दिवस उठतं. मुलींबाबत घरातूनच एक अडथळा येतो. 'नीट बस, फ्रॉक वर जातोय' हे वाक्य तीन वर्षांच्या मुलीलाही ऐकावं लागतं. तिला चड्डी-शर्ट घालून पाठवा, एवढंच ताईनं पालकसभेत स्पष्ट सांगावं.

पथ्यं थोडी आहेत. अनवाणी खेळणं चांगलं, पण फरशी ओली नसावी आणि दुपारच्या तापलेल्या अंगणात तळहात टेकायला लावू नयेत. एक चाल दोन-तीन मिनिटांहून लांबवू नये. बदकासारखं उकिडवं चालणं चार पावलं पुरे, गुडघ्यांवर त्याचा ताण येतो. शर्यत लावू नये. शर्यत लागली की अस्वलाचे गुडघे टेकतात, खेकडा पोट खाली सोडतो आणि चाल बिघडते. खायला देऊन लगेच उड्या नकोत. आणि ताईनं स्वतः एकदा तरी खाली बसून, साडीचा पदर खोचून, करून दाखवावं. सगळं जमायलाच हवं असं नाही. ताई अस्वल झाली हीच मुलांसाठी मोठी बातमी असते.

राहिला जागेचा प्रश्न. अंगणवाडीच्या कोणत्याही ताईशी या विषयावर बोललं की हाच मुद्दा आधी येतो, आणि तो खरा आहे. शहरातल्या वस्त्यांत अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. त्यातच पोषण आहाराची पोती, वजनकाटा, रजिस्टरांचं कपाट. वीस मुलं उठून उभी राहिली तरी खोली भरते. नव्या इमारती बांधताना खोलीसमोर सपाट, सावलीचं, कुंपण घातलेलं अंगण सक्तीचं करावं, ही मागणी पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. ज्या केंद्राच्या नावातच अंगण आहे त्याला ते मागावं लागणं बरं नव्हे. पण अंगण मिळेपर्यंत मुलांची वर्षं थांबत नाहीत. अशा खोलीत निम्म्या मुलांना दगड करावं. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं खाली घालून ती जागोजाग गोळा होऊन बसतात. उरलेली निम्मी खेकडे होतात आणि एकाही दगडाला न लागता पलीकडे जातात. धक्का लागला की दगड हसतो आणि खेकड्याला परत फिरावं लागतं. सगळे पोचले की दगडांचे खेकडे आणि खेकड्यांचे दगड. दाटीवाटीमुळे हा खेळ मोकळ्या मैदानापेक्षा अवघड होतो, आणि मुलं तो पुन्हा पुन्हा मागतात.